राखड्याच्या गळ्यातली घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे आणि माझा तुमच्यावर राग आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून मित्रांनो म्हणते, पण आपली मैत्री अजून ठरायची आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी झोपलेल्या कुत्र्याला उगाच दगड मारला आहे, ते मला ठाऊक नाही. मारला असेल तर कान देऊन ऐका. नसेल मारला तरी ऐका, कारण पुढे मोठे व्हाल आणि मोठ्या माणसांसारखं बोलायला लागाल.

माझा जन्म भट्टीतला. एका म्हाताऱ्या कारागिराने आधी मेणाची घंटी केली, तिच्यावर माती थापली, मेण वितळवून काढून टाकलं आणि त्या पोकळीत तापलेलं पितळ ओतलं. माती फोडून मला बाहेर काढलं, आत लोखंडाची जीभ अडकवली, आणि त्या दिवसापासून मी तोंडाळ आहे. मार्कंड्याच्या जत्रेत गुणवंतराव नावाच्या शेतकऱ्याने माझ्यासारख्या अकरा घंट्यांची माळ विकत घेतली. त्यांचं गाव ब्रह्मपुरीहून जीपने तासभर आत, जिथे धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे.

बैलाच्या गळ्यात माझी वीस वर्षं गेली. पोळ्याला मला चिंचेने घासत, तेव्हा मी अशी चकाकायची की शेजारपाजारचे वाकून बघत. मग गुणवंतराव गेले, गावात ट्रॅक्टर आला, बैलही गेले. माळ तुटली, दहा घंट्या कुठे पांगल्या कुणास ठाऊक, आणि मी एकटी गोठ्यातल्या खुंटीला लटकत राहिले. गुणवंतरावांची बायको भागीरथाबाई रोज माझ्याखालून जायची, पण तिने कधी मान वर करून पाहिलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. तेव्हापासून माझ्या स्वभावाला आंबटपणा आला तो आलाच.

भागीरथाबाईही काही कमी नव्हती. फटकळ बाई. तिच्या ओट्यावर बसायचं तर बोलणं खायची तयारी ठेवूनच बसावं लागे. मुलगा गोपाल कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला, सणावारी यायचा. घरात ती आणि सून पुनम. एका थंडीत कुठलंसं भटकं पिल्लू तिच्या चुलीच्या राखेत येऊन झोपलं. तिने तीनदा त्याला शेपटी धरून बाहेर टाकलं. चौथ्यांदा त्याच्यापुढे पेजेची वाटी ठेवली, आणि वर त्यालाच शिव्या दिल्या. राखेत झोपायचा म्हणून त्याचं नाव राखड्या पडलं. पुढे सात वर्षं तिच्या ताटातला पहिला घास त्याचा होता. हे कुणी बोलून दाखवलं की ती चिडायची.

राखड्याची एक खोड होती. तो भागीरथाबाईच्या पुढे चालायचा, तीन पावलं टाकायचा आणि थांबून मागे पाहायचा, बाई येते आहे ना म्हणून. पुन्हा तीन पावलं, पुन्हा थांबणं. शेतात, बाजारात, नदीवर, सगळीकडे तशीच चाल. "पोहोचू का आज आपण?" असं ती त्याला रोज विचारायची.

गेल्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत माझी आठवण झाली. मोह पहाटे गळतो. हरणं, डुकरं ती फुलं खायला टपलेली असतात, आणि अस्वल तर त्यांच्यासाठी वेडं. म्हणून उजाडता उजाडता बाया टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जातात. भागीरथाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"पुनम, ते खुंटीवरची घंटी काढ व," ती म्हणाली. "राखड्याच्या गळ्यात बांधतो."

"काऊन जी, आई?"

"मोहाखाली अस्वल येते. आवाज आला का आपोआप दूर जाते. न मले आता बरोबर दिसत नाई. हा कुठी फिरून राह्यला ते तरी समजन."

पुनमने जुन्या लाल ओढणीचा काठ फाडून दिला. भागीरथाबाईने गाठ मारली. खरं सांगते, मला ते अपमानाचं वाटलं. बैलाच्या गळ्यातली घंटी कुत्र्याच्या गळ्यात! पहिला दिवस मी फुगून बसले. दुसऱ्या दिवशी मला त्याची चाल कळली. तीन पावलं वाजायचं, मग गप्प. तीन पावलं, मग गप्प. बैलाबरोबर मी नुसती खुळखुळायची, इथे मला ताल मिळाला. अस्वलं खरोखर दूर राहिली आणि भागीरथाबाई मला पहिल्यांदा शहाणी म्हणाली.

नवव्या दिवशी बिबट्याने मला ऐकलं. अस्वल आवाज ऐकून दूर जातं, बिबट्या कुत्र्याचा आवाज शोधतच येतो. हे त्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मला तर काय, वाजण्यापलीकडे अक्कल नाही. पुनम टोपली घेऊन पलीकडच्या झाडाखाली गेली होती, राखड्या तिच्या मागे. झुडपातून जे आलं ते मला दिसलंसुद्धा नाही. राखड्या एकदाच ओरडला. मग आम्ही ओढले जात होतो, दगडांवरून, पाचोळ्यावरून, आणि मी वाजत होते. भागीरथाबाई त्या आवाजाच्या मागे विळा घेऊन धावली, दिसत नसताना, काट्यांतून, बोंबलत. पुनम तिच्या मागे. दोघींच्या आरडाओरड्याने बिबट्याने त्याला नाल्याच्या काठाला टाकलं आणि तो निघून गेला. राखड्याची चाल तिथे संपली, आणि मीही गप्प झाले.

त्याला त्याच मोहाखाली पुरलं. मला त्याच्या गळ्यातून सोडवून पुनमने कमरेला खोचलं. आता तुमच्या मोठ्या माणसांनी काय केलं ते ऐका.

भागीरथाबाई तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी शेजारची केसरबाई ओट्यावर येऊन बसली. "कुत्रंच होतं ना वो," ती म्हणाली. "माणूस मेल्यासारखी काऊन बसली? माह्या कुत्रीनं चार पिल्लं देल्ली, एक घेऊन जा."

"तुहा माणूस गेला तवा मी म्हटलं होतं का, दुसरा आणून देतो म्हणून?" भागीरथाबाई म्हणाली. "ऊठ. माह्या ओट्यावरून ऊठ."

केसरबाई उठली ती गावभर सांगत सुटली. पाण्यावर, दुकानात, जीपमध्ये बाया हसल्या. बुढी कुत्र्याचं सुतक पाळून राह्यली म्हणे. गोपालचा फोन आला, "आई, एका कुत्र्यासाठी किती दिवस?" तिने फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकला. माणसाच्या मरणाला दहावा असतो, तेरवी असते, लोक येऊन बसतात, चहा पितात, गेलेल्याचं नाव घेतात. कुत्र्याच्या मरणाला काही नाही. दुःख तेवढंच, आणि ते ठेवायला जागा नाही. मग ते राग होऊन घरभर फिरतं.

पहिल्यांदा ते पुनमवर गेलं. "तो तुह्या मागं गेला होता," भागीरथाबाई म्हणाली. "तुले एक हाक मारता आली नाई?" पुनम खाली मान घालून भांडी घासत राहिली. ते भागीरथाबाईला आणखी झोंबलं.

मग ते माझ्यावर आलं. झाडताना पुनमचा हात लागला आणि मी जराशी वाजले. वाजणं हा माझा धंदा आहे, मी दुसरं काय करणार? भागीरथाबाई चुलीपुढून सांडशी घेऊनच आली. "हेच बोंबलली," ती म्हणाली. "हिनंच बलावलं त्याले." तिने माझी जीभ सांडशीत धरली, पिळली आणि उपटून काढली. मला शेणखताच्या खड्ड्यात भिरकावलं. मित्रांनो, मी बिबट्याला शिव्या देत नाही, तो त्याच्या पोटामागे होता. पण भागीरथाबाईचा मला असा संताप आला की जीभ असती तर मी गाव उठवलं असतं. ज्या आवाजामागे धावून तिला तिचा राखड्या निदान पुरायला मिळाला, तो आवाज माझा होता.

पुनमने संध्याकाळी मला शेणातून काढलं, धुतलं आणि आपल्या ट्रंकेत साड्यांखाली ठेवलं. तिथे मी वर्ष काढलं. अंधारातून मला सगळं ऐकू यायचं. सासूसून एका घरात राहायच्या आणि भांड्यांशी बोलायच्या. "मीठ कुठी हाय?" हे भागीरथाबाई चुलीला विचारायची आणि पुनम भिंतीला उत्तर द्यायची. त्या घरात वर्षभर राखड्याचं नाव कुणी घेतलं नाही.

या चैतात पुन्हा मोह गळायला लागला. त्या झाडाकडे जायचं नाही असं भागीरथाबाईने ठरवलं होतं. एका सकाळी ऊन वर आल्यावर ती टोपली घेऊन एकटीच निघाली. अर्धी आंधळी बाई, एकटी, जंगलात. पुनमने ट्रंक उघडली, मला पिशवीत टाकलं आणि मागून गेली.

झाडाखाली दोघींनी बराच वेळ एकमेकींकडे पाठ करून फुलं वेचली. मग पुनम म्हणाली, "तुमच्या पोराले सांगतलं मी. हा मोह झाला का मी कोरपन्याले जातो."

"जा. कोणी धरलं तुले?"

"मंग हे तुमची तुमी ठेवा." पुनमने मला सासूच्या टोपलीत टाकलं. "वर्षभर सांभाळली. आता माह्याच्यानं होत नाई. ओढणीचा काठ मीच फाडून देल्ला होता. तुमी बोला नाई तर नका बोलू, मले रोज दिसते तो काठ."

भागीरथाबाईने मला हातात घेतलं. तिच्या बोटांनी माझं रिकामं तोंड चाचपलं. मी तयारीत होते, आता ही मला नाल्यात फेकणार म्हणून.

"काठ?" ती म्हणाली. "गाठ कोणी मारली व? बांध म्हणून कोणी म्हटलं? मी म्हटलं. अस्वलाचा विचार केला न बिबट्याचा केला नाई. एवढं वय झालं जंगलाच्या काठाले, न मले समजलं नाई." तिचा आवाज चढला, जणू भांडतेच आहे. "तुले बोलली, काऊन का स्वतःले बोलाले तोंड नव्हतं माह्यापाशी."

मग तिने पदराची गाठ सोडली. गाठीत लोखंडाचा एक तुकडा होता, घामाने काळा पडलेला. माझी जीभ. मी वर्षभर समजत होते की ती तिने चुलीत घातली. ती मात्र निजताना, जेवताना, बाजारात, माझी जीभ पदराला बांधून फिरत होती. पुनमने तो तुकडा पाहिला आणि ती सासूजवळ जाऊन बसली. दोघी रडल्या. राखड्याला पुरलं तिथे बसून, पाय पसरून, मोठ्याने रडल्या. तिथे हसायला कुणी नव्हतं.

टोपलीच्या तारेचा तुकडा काढून पुनमने माझी जीभ अडकवली. "वाजवू नको," भागीरथाबाई म्हणाली, आणि तिने वाजवलं नाही. पण घरी निघाल्यावर टोपली पुनमच्या डोक्यावर होती आणि टोपलीत मी तिच्या पावलांबरोबर आपोआप वाजायला लागले. भागीरथाबाई थांबली. मला सांडशी आठवली.

"अशी नव्हती त्याची चाल," ती म्हणाली. "आण इकडं."

तिने मला मुठीत धरलं. तीन पावलं टाकली आणि थांबून मागे पाहिलं. पुन्हा तीन पावलं, पुन्हा मागे पाहिलं. मागे पुनम होती, आणि तीही थांबत थांबत येत होती. अर्ध्या तासाची वाट, पण आम्हाला दुपार झाली.

गावाच्या तोंडाशी केसरबाई ओट्यावर बसली होती. "काय होऊन राह्यलं, भागीरथाबाई? पाय मुरगळला का?"

"राखड्या कसा चाले, ते पुनमले दाखवून राह्यलो," भागीरथाबाई म्हणाली. ती तयारीतच होती, भांडणाच्या.

केसरबाईने माझ्याकडे पाहिलं. मग ती ओट्यावर थोडी सरकली. "बसा," ती म्हणाली. "मले बी सांगा." त्या ओट्यावर भागीरथाबाई दिवस मावळेपर्यंत बोलत होती. पुनमने कोरपन्याला जाण्याची पिशवी अजून रिकामी केलेली नाही, पण ती आता खुंटीला टांगली आहे, माझ्या शेजारी.

तर मित्रांनो, मला कुणाच्या गळ्यात बांधू नका. आणि कुणाचं जनावर गेलं तर 'कुत्रंच होतं' असं म्हणू नका, 'दुसरं आण' तर मुळीच म्हणू नका. त्याचं नाव काय होतं ते विचारा, ते कसं चालायचं ते विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत बसा. एवढं केलंत, तर आपली मैत्री ठरली असं समजेन.