काहीही सापडलं नाही

रवींद्रमामाच्या ब्लॉगवर बारा वर्षांचे साडेनऊशे लेख होते आणि त्यातला एकही शोधून मिळत नव्हता. डोंबिवलीतली जुनी दुकानं, नाटकाच्या तालमी, घरातल्या भानगडी, माणसानं काही म्हणून सोडलं नव्हतं! पण शोधाच्या चौकटीत काहीही टाका, उत्तर एकच: ‘काहीही सापडलं नाही.’

“अगं, मीच लिहिलेलं मला मिळेना,” मामा फोनवर वैतागला. “आणि तू म्हणे घोडबंदर रोडच्या कंपनीत याच कामाचा पगार घेतेस!”

मग काय, शनिवारी त्याची भाची कादंबरी लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी हजर. आईला तिनं “मैत्रिणीकडे जाते” असं सांगितलं होतं. आई आणि मामा सख्खी भावंडं, पण सहा वर्षं बोलत नव्हती. आजी मामाकडे असताना आजारी पडली, आणि धाकटी उगाच घाबरेल म्हणून या शहाण्यानं तिला फोनच उशिरा केला. आई आंबिवलीहून पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. “मला माणसात धरलं नाहीस,” एवढं बोलून ती जिना उतरली ती पुन्हा चढलीच नाही.

ब्लॉगचं दुखणं मात्र दहा मिनिटांत हाती लागलं. शोध फक्त मथळे बघत होता, लेखाच्या आत डोकावतच नव्हता. आणि मामाचे मथळे कसले, तर ‘आजचं’, ‘पुन्हा एकदा’, ‘राहिलेलं’!

“धन्य आहेस मामा. यावरून कुणाला काय कळणार?”

“उत्सुकता वाटते गं लोकांना!”

दुरुस्ती करता करता तिला एक यादी दिसली. लोकांनी काय काय शोधलं आणि हात हलवत परत गेले, त्याची नोंद. असल्या चोंबडेपणाची तिला भारी हौस! कुणी ‘पियूष’ शोधला होता, कुणी ‘फडके रोड’, एकानं तर चक्क ‘स्थळ पाहिजे’. आणि मध्येच ‘नीरजा’.

आईचं नाव. असतील छप्पन्न नीरजा, असं तिनं स्वतःला समजावलं, पण बोट खाली सरकतच राहिलं. ‘नीरजा’, दर रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास. दीड वर्ष. एकदा ‘धाकटी बहीण’. आणि मागच्याच रविवारी ‘नीरू’.

नीरू म्हणणारी जगात दोनच माणसं. एक आजी, ती गेली. दुसरा शेजारी बसून चिवडा खात होता. आणि ते नाव ठाऊक असलेलं तिसरं माणूस म्हणजे आई स्वतः.

रविवारी तीनला बाबा घोरत असतात आणि आई बाल्कनीत मोबाईल घेऊन बसते. “रेसिप्या बघते,” म्हणते. कादंबरीला गलबलून आलं. साडेनऊशे लेख कोण एकेक उघडून बघणार? दर आठवड्याला ही बाई भावाच्या लिखाणात स्वतःला शोधत होती आणि भावानं आपल्याला पुसून टाकलं, असं समजून मोबाईल ठेवून देत होती.

पण मामानं खरंच लिहिलं तरी होतं का? दुरुस्ती ब्लॉगवर चढवून तिनं ‘नीरू’ टाकलं.

एकशे चार लेख.

मामाचा चिवड्याचा हात थांबला. “ती कुठे वाचतेय,” तो पुटपुटला. कादंबरीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं जीभ चावली. यादीतलं गुपित आईचं होतं.

दुसऱ्या दिवशी तीनला ती बाल्कनीच्या दाराआड उभी राहिली. आईनं चष्मा लावला, शोधाच्या चौकटीत बोट फिरवलं, आणि मग जागची हललीच नाही. चहाची वेळ टळली, बाबा दोनदा मोठ्यानं खाकरले, तरी आई आपली वाचतेच आहे. डोळे पुसते, वाचते, मध्येच “शी!” म्हणते.

साडेपाचला तिनं फोन कानाला लावला.

“दादा,” आई म्हणाली, “तो गणपतीचा लेख. आरतीचं तबक माझ्या हातून पडलं म्हणे? खोटारडा कुठला! तूच पाडलंस. आत्ताच्या आत्ता बदल ते.”

तिनं चष्मा काढून बाजूला ठेवला.

“रडतोस काय रे? आधी बदल,” म्हणत आई स्वतःच हमसून रडू लागली.