निरोगी-एक

...ठिपका पडद्याच्या आत होता की काचेवर, हे तिला चटकन कळेना. एक नव्हे, पुंजकाच होता बारीक ठिपक्यांचा, वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे काहीच असायला नको होतं. तिने रुमालाच्या टोकाने काच पुसली. काच स्वच्छ झाली, पुंजका जागच्या जागी राहिला. मग तिने चष्मा पुसला — उभा जन्म यंत्रांवर अविश्वास दाखवण्याचा पगार घेतलेल्या बाईला तेवढं करणं भागच होतं — पण चष्म्यानेही तिची बाजू घेतली नाही.

"मॅडम, मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं," मागून मुंगी म्हणाली. मुंगी म्हणजे तिची पीएच. डी.ची विद्यार्थिनी, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते म्हणून प्रयोगशाळेने ठेवलेलं नाव, आणि तिने ते बिनतक्रार स्वीकारलेलं. "आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग वाटलं, रसायन शिळं झालं असेल. नवीन बाटली उघडली. तरी तेच."

"नमुना कुणाचा?"

"तेच तर ना. निरोगी-एकचा."

या यंत्रातून रक्तातल्या पेशी एकामागून एक प्रकाशासमोरून जातात आणि प्रत्येक पेशीचा पडद्यावर एक ठिपका होतो. वरचा उजवा कोपरा आपल्याच शरीरावर उलटलेल्या पेशींचा. सांधे खाणाऱ्या ज्या रोगावर ही प्रयोगशाळा जगत होती त्याच्या रुग्णांचा तो कोपरा गजबजलेला असतो, निरोगी माणसाचा रिकामा. यंत्राची मिजास रोज वेगळी, म्हणून रुग्णांच्या नमुन्यांसोबत दर वेळी एकाच निरोगी माणसाची गोठवून ठेवलेली एक नळीही चालवायची, ते शून्य धरायचं, आणि तिथून बाकीच्यांना मोजायचं. तो निरोगी माणूस कोण, हे मुंगीला माहीत नव्हतं. नियमाने माहीत असायलाही नको होतं. मॅडमना मात्र माहीत होतं, कारण ज्या दंडातून ते रक्त काढलं तो तिचाच होता.

प्रयोगशाळा नवी होती तेव्हा कबूल केलेला रक्तदाता ऐन वेळी आला नाही आणि तिने बाही वर सारली — यात विशेष काही नव्हतं, सगळेच करतात, आजारी नाही तो निरोगी एवढा सरळ हिशोब. पुढे नळ्या संपत आल्या की ती खाली परिचारिकेकडे जायची, रक्त द्यायची, वर येऊन पेशी गोठवायची. स्वतःला तपासून घ्यावं असं कधी मनात आलं नाही. कशाला येईल? आजारी ताई, निरोगी मी, ही वाटणी घरात फार पूर्वीच झालेली. ताई सांध्यांच्या याच रोगाने अंथरुणात, मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात. शेजारणी म्हणायच्या, ही धाकटी मात्र धट्टीकट्टी हो, आणि कधी माझं पोट दुखलं तर आई मान वर न करता म्हणायची, तुला काय धाड भरलीय...

"हे बघा, मॅडम." मुंगीने पडद्यावर दुसरं चित्र आणलं. "गोठवायच्या टाकीच्या तळाशी सुरुवातीच्या वर्षांतल्या याच माणसाच्या नळ्या सापडल्या. थोड्याच आहेत. कोपरा अगदी कोरा. आणि हा गेल्या वेळी गोठवलेला. म्हणजे रसायन नाही, यंत्र नाही. मधल्या काळात माणूसच बदललाय." ती मॅडमकडे वळली. "आपण कळवायला हवं ना त्याला? बिचाऱ्याला पत्ताही नसेल."

"बघते मी," ती म्हणाली. त्या प्रयोगशाळेत याचा अर्थ, आता तू जा.

खोलीत येऊन तिने दार लोटलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण शरीराचा नाही, आलेखाचा विचार करतो आहोत. याचं तिला नवल वाटलं, थोडी गंमतही. तिच्या नावावरचं जे काही होतं ते त्या आलेखावर उभं होतं: तिचं औषध घेणारे रुग्ण वर्षागणिक निरोगी रेषेजवळ सरकत येतात. सावकाश, पण येतात. त्यावर भाषणं झाली, पुरस्कार झाले, आणि उद्या सकाळी समितीपुढे मोठ्या चाचणीची परवानगी मागायची होती. पण रुग्ण रेषेकडे आले की रेषाच रुग्णांकडे गेली? उंची मोजायची पट्टीच दर वर्षी आखडत गेली तर पोर वाढलंसं वाटणारच. कदाचित औषध खरंच चालत असेल. कदाचित थोडंसं चालत असेल. कदाचित, इतकी वर्षं, मीच त्यांना भेटायला खाली उतरत होते...

दुसरा रस्ता तिला लगेच दिसला. हुशार माणसाला असले रस्ते नेहमी आधी दिसतात. पुढच्या महिन्यापासून निरोगी-दोन. कुणीतरी ठणठणीत तरुण शोधायचा, जुन्या नळ्या खराब झाल्या म्हणायचं, उद्या आलेख आहे तसा दाखवायचा. कुणी विचारणार नव्हतं. मुंगीने विचारलं असतं, पण मुंगीचा प्रबंध मॅडमच्या सहीवर अडलेला. हा विचार तिने शेवटपर्यंत केला आणि तिला स्वतःची किळस आली नाही, याची मात्र आली.

व्याख्यानांत ती हा रोग समजावताना म्हणायची, इथे कुंपणच शेत खातं. लोक हसायचे. हसू येईल म्हणून ती नेमकी तिथे थांबायची. तिने उजवा हात टेबलावर ठेवून बोटं मिटली, उघडली. सकाळी बरणीचं झाकण फिरत नाही, ती नवऱ्यापुढे धरते, तो म्हणतो, वय झालं बाई तुझं, आणि ती म्हणते, तुझं काय कमी झालंय... किती दिवस चाललंय हे? आठवेना. पेशीचा वाढदिवस सांगू शकणाऱ्या बाईला तेवढंच आठवेना.

फोन वाजला. ताई. जेवणाच्या सुट्टीत ती रोज करायची.

"जेवलीस का?"

"हो."

"खोटं. बरं ऐक, आज बरं आहे मला. वेणी माझी मी घातली. वाकडी झालीय, पण माझी आहे." ताई हसली. "उद्याच आहे ना गं तुझी ती समिती? लागेल ना माझा नंबर तुझ्या औषधाला? की आपलं वरातीमागून घोडं?"

"ताई..."

"चेष्टा करतेय गं. थांबलेय इतकी वर्षं, अजून थांबेन."

तिला बोलायचं होतं ते वेगळंच, तोंडातून आलं ते असं, "ताई, सुरुवातीला, सकाळी उठल्यावर... बोटं कशी वाटायची तुला?"

"दुसऱ्या कुणाची तरी," ताई म्हणाली. "उसनी आणल्यासारखी. आणि मी कुणाला सांगायचे नाही, कामचुकार म्हणतील म्हणून. का गं?"

"सहज. कामासाठी."

"अगं बाई, आख्खी नोकरी घातलीस या रोगात, आणि हे आज विचारतेयस?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तिला लाज वाटली, सपशेल लाज. ताईचं रक्त तिने पाहिलं होतं, क्ष-किरणांतले सांधे पाहिले होते. ताईला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ताईने सांगितलं असतं, आणि मग मला ते स्वतःत ओळखता आलं असतं... की ओळखता येऊ नये म्हणूनच विचारलं नव्हतं?

दुपार तिने उद्याच्या भाषणाची चित्रं पुढे-मागे करण्यात घालवली. आलेख काढून टाकला. परत ठेवला. त्याच्याशिवाय भाषणात मग खुर्च्या आणि चहाच उरत होता. शेवटी संगणक तसाच उघडा टाकून ती उठली.

मुंगी यंत्र धूत होती.

"एक ताजा नमुना लागेल," ती म्हणाली. "रक्त काढता येतं ना तुला?"

"येतं. कुणाचं काढायचंय?"

ती स्टुलावर बसली आणि बाही वर सारली. मुंगीने हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि तिच्या हातातला चिमटा ओट्यावर पडला. पण मुंगी ती मुंगीच. पट्टा आणला, कापूस आणला, सुई आणली. शीर शोधताना खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मी सकाळी बिचारा म्हणाले..."

"बरोबरच म्हणालीस."

"जुन्या नळ्या पुरतील का, सगळं परत मोजायला?"

"नाही पुरणार."

"मग उद्या?"

नळी भरली. मुंगीने कापूस दाबून धरायला दिला आणि सवयीने पेन उघडलं.

"हिच्यावर काय लिहू?"

निरोगी-एक लिहिता येत नव्हतं. रुग्णांचे क्रमांक रुग्णांचे होते. आणि स्वतःचं नाव तिने आजवर लेखांवर लिहिलं होतं, नळीवर कधी नाही. "थांब जरा," असं म्हणून तिने नळी हातात घेतली. आयुष्यभर इतरांचं रक्त तिच्यापुढे बर्फातून आलं होतं, आणि स्वतःचं तिने कधी असं हातात धरून ठेवलं नव्हतं. हे गरम होतं, चांगलंच गरम, आणि मिटलेल्या बोटांना ते बरं वाटत होतं. मुंगी पेन धरून उभी होती. आणि आता कुठे, सगळा दिवस उलटून गेल्यावर, तिला भीती वाटली — दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसलेल्या कुठल्याही बाईला वाटते, तशी साधी भीती.