गुलाबी बोटं

धाकट्यानं काप काढायच्या यंत्राच्या चाकाचा दांडा हळूच फिरवला आणि पात्याखालून मेणाची पातळ पट्टी सुटली. ब्रशनं उचलून त्यानं ती कोमट पाण्यावर सोडली. त्या मेणात थोरल्या भावाच्या किडनीचा तुकडा होता. काढलेली किडनी बरणीतून लॅबमध्ये आली, तेव्हा वरचं नाव वाचून तो गप्पच बसला. बोलला असता तर काम दुसऱ्याकडं गेलं असतं, आणि थोरल्याला परक्या हाती सोपवायला त्याचं मन होईना.

रोजचं रंगकाम मशीन करतं. पण तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी किडनीच्या शिरेजवळचे काप पुन्हा मागितले, तेही घाईनं, म्हणून त्यानं हातानंच रंग दिला. हा गुलाबी रंग बोटांवरून लवकर निघत नाही. घरी जेवताना त्यानंच एकदा हसत हसत सांगितलं होतं, माझी बोटं गुलाबी दिसली की समजा, कुणाचं तरी पुन्हा बघायला लागलंय, आणि असलं बहुतेक वाईटच निघतं.

बाईंनी मायक्रोस्कोपमध्ये बघून सांगितलं. गाठीची जात नेहमीचीच, क्लिअर सेल. पण पेशींची केंद्रं पार वेडीवाकडी, म्हणून ग्रेड चार, सगळ्यात वाईट. आणि गाठ किडनीत थांबलेली नव्हती, मोठ्या शिरेत घुसली होती, म्हणून स्टेज तीन.

"काप मात्र झकास काढलेस," बाई म्हणाल्या.

त्यानं मान डोलावली आणि उगाच पातं पुसत बसला.

संध्याकाळी घरी थोरला पलंगावर पोटाशी उशी धरून बसला होता. गॅरेजवाला गडी, पण टाक्यांमुळं हसायचीही चोरी.

"ये कापऱ्या. काय म्हणतेय माझी किडनी?"

"बघतायत अजून."

"काप पुन्हा मागितले?"

"छे. कशाला मागतील?"

थोरला जरा पुढं सरकला. उशी घसरली, ती सावरायला धाकट्यानं खिशातले हात बाहेर काढले.

थोरल्यानं मनगट धरलं. इंजिनाचा सुटा भाग बघावा तशी बोटं उलटसुलट करून बघितली. आत वहिनीच्या कपबशा वाजल्या. टाके धरून तो वाकला, पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीतनं रॉकेलचा बोळा काढला आणि एकेक बोट घासायला लागला.

"तुझ्या वहिनीलाही ठाऊक आहे ते, गुलाबी बोटांचं," तो हळूच म्हणाला.

रंग फिका झाला, गेला मात्र नाही.

"घाल खिशात."

वहिनी चहा घेऊन आली. धाकट्यापुढं धरलेला कप थोरल्यानंच मधे हात घालून घेतला.

"राहू दे. त्याला गार झालेला लागतो."