टबमधली पिल्लं

अमेरिकेतल्या व्हरमाँटचा एप्रिल म्हणजे बर्फच. तरी परसात अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या म्हणून माझ्या सुनेनं, डार्सीनं, टपालाने पिल्लं मागवली. खोक्यातून चिवचिवत आलेली ती वरात थेट न्हाणीघरातल्या टबमध्ये उतरली. ऊब द्यायला वर लाल दिवा टांगला.

"घरात कोंबड्या? लाज आहे का काही?" मी म्हटलं.

"अंडी खाताना याची आठवण करून देईन हं, आई."

दुपारी वादळात वीज गेली. दिवा विझला, घराचा हीटरही थंड पडला. डार्सी जनरेटर सुरू करायला बाहेर शेडकडे पळाली. इकडे पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढून किंचाळू लागली. अशा वेळी सगळ्यांत खालचं चेंगरून मरतं.

"गप्प बसा, मेल्यांनो!" म्हणत मी एकेकाला उचललं आणि माझ्या स्वेटरच्या आत, अंगालगत कोंबलं.

हळूहळू सगळी गप्प झाली. ऊब मिळाली की पिल्लं गप्प होतात. मेल्यावरही होतात. स्वेटर वर करून बघायचा मला धीर होईना.

डार्सी बर्फानं माखून आत आली. रिकामा टब बघून तिचा चेहराच उतरला. "आई, पिल्लं कुठायत?"

तेवढ्यात पोटावरून काहीतरी ऊन-ऊन ओघळलं.

"हगलं! डार्सी, हगलं गं!" मी इतक्या जोरात किंचाळले की स्वेटरच्या आतून सगळी मिळून माझ्यावरच ओरडायला लागली.