मूल आधी, सही नंतर

"बोलू नका. हाकही मारू नका. नुसते दारात उभे राहा," ताईंनी त्या माणसाला बजावलं.

तो उभा राहिला. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर अडीच वर्षांची एक मुलगी बिस्किट कुरतडत बसली होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बिस्किटात लक्ष घातलं.

करमणूक बागेतली हरवलेल्या मुलांची खोली ताई चौदा वर्षं सांभाळत होत्या. मूल आधी, सही नंतर, हा त्यांचा स्वतःचा नियम. आपलं माणूस दिसलं की पोर आपसूक झेपावतं, मगच वही पुढे करायची. फार पूर्वी साहेबांच्या भिडेखातर त्यांनी एक रडतं पोर आजोबांच्या हवाली केलं होतं. ते घरातल्या भांडणापायी पळवलेलं निघालं. तेव्हापासून ताई कुणाचीच भीड ठेवत नसत. बागेत त्यांना खडूस म्हणत. म्हणोत बापडे.

"बाप आहे मी तिचा," तो म्हणाला.

"असाल. पण ती येत नाहीये ना."

त्याने पिशवीतून जन्मदाखला काढला, स्वतःचं ओळखपत्र काढलं, लसींचं कार्डसुद्धा काढलं. सगळं चोख होतं. तेवढ्यात आत आलेल्या सुपरवायझरने कागद पाहिले आणि पोर उचलून देऊन टाका, बाहेर चौकशीला रांग लागलीय, म्हणून घाई केली. ताई उचलायला वाकल्या, तशी मुलीने त्यांच्या गणवेशाची बाही मुठीत घट्ट धरली. कागद खरे होते आणि ती मूठही खरी होती. ताईंनी सुपरवायझरकडून पाच मिनिटं मागून घेतली आणि बापाला सरळ विचारलं, पोर घाबरतं का तुम्हाला?

तो दुसऱ्या एका खुर्चीच्या कडेवर टेकला. जहाजाच्या इंजिनावर कामाला होता. मुलगी झाली तेव्हा समुद्रावर, त्यानंतर दोनदाच घरी आला, तोही पंधरा-पंधरा दिवस. दोन महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त होऊन बायको गेली. मुलगी तिच्या मावशीकडे होती. तिला आपली सवय व्हावी म्हणून तो परवा तिला घेऊन सहलीला निघाला. पोरं बागेत खुलतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. सकाळपासून पाळणा झाला, झुकझुक गाडी झाली, बदकं झाली. ती हसली नाही की रडली नाही. फुगा घ्यायला त्याने तिचं बोट सोडलं, तेवढ्यात ती चालू लागली.

"हरवली नाही हो ती," तो म्हणाला. "आईला शोधायला गेली."

शेकडो पोरं ताईंनी परत केली होती. ही जिच्याकडे द्यायची ती कुठल्याच दारात येणार नव्हती. तुमचा आणि पोरीचा एखादा फोटो आहे का, त्यांनी विचारलं, नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून.

फोटो ढिगाने होते. सगळे बायकोने जहाजावर पाठवलेले. अंघोळ, पहिला दात, पहिलं पाऊल. प्रत्येकात मुलगी आणि तिची आई. तो एकातही नव्हता. दाखवता दाखवता आईचा चेहरा स्क्रीनभर आला, आणि मुलगी खुर्चीवरून उतरली.

"आई," म्हणत ती त्याच्या गुडघ्यापाशी आली आणि तिने फोनवर हात ठेवला.

गेली की, सुपरवायझर म्हणाला. पोर गेलं होतं खरं, पण बापाकडे नव्हे, हे तिथल्या तिन्ही मोठ्या माणसांना कळत होतं. ताईंनी वही पुढे केली. नात्याच्या रकान्यात त्याने 'वडील' लिहिलं आणि खाली सही केली.

तो तिला उचलू गेला. तिने अंग ताठ केलं. मग त्याने फोन तिच्या उंचीवर धरला आणि कमरेत वाकून, उलट पावली दाराबाहेर निघाला. मुलगी त्या चेहऱ्यामागे चालू लागली. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. मधेच स्क्रीन काळी पडे, की ती थांबे. तो अंगठा टेकवून फोन पुन्हा उजळवी, आणि मग दोघं आणखी थोडी पुढे जात.