भावाबद्दलचं एक वाक्य

'बॉयलरचा स्फोट कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला' असं वाक्य पडद्यावर आलं. खाली दिलेलं त्या कामगाराचं नाव वाचलं आणि ताईने 'खोटं'चं बटण असं दाबलं, की शेजारच्या टेबलावरची मैत्रीण दचकली. नाव तिच्या धाकट्या भावाचं होतं, त्याच स्फोटात गेलेल्या.

कॉम्प्युटर वेबवरची पानं वाचून शहाणा होत होता. त्याने वेचलेली वाक्यं खरी की खोटी हे ठरवायला या हॉलभर बायका बसवल्या होत्या. नियम एकच, चार पानांवर तेच लिहिलेलं असलं की खरं. कारखान्याने आपली कातडी वाचवायला पत्रक काढलं, बातमीवाल्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं, झाली की चार पानं! व्हॉल्व्ह गळतोय म्हणून भाऊ मुकादमाच्या हातापाया पडला होता, रोज जेवताना तेच बोलायचा. ते बोलणं कुठल्या पानावर असणार? मेलेल्याच्या माथी खापर फोडणं सगळ्यांत सोपं, तो काही उठून भांडायला येत नाही.

साहेबांनी येऊन पुरावा मागितला. मी त्याची सख्खी बहीण आहे, ताई म्हणाली. साहेब तसे वाईट नव्हते. पण घरचं ठाऊक असलेलं इथे चालत नाही, उत्तर बदला, म्हणाले.

"साहेब, खोटं चार ठिकाणी लिहिलं म्हणून खरं होतं का?"

"मशीनला आपण तसंच शिकवतोय, ताई."

"मग जरा लाजही शिकवा त्याला."

तिने उत्तर बदललं नाही. असं अडलेलं वाक्य शेजारच्या टेबलावर जायचं आणि तिथलं उत्तर अखेरचं, अशी इथली रीत होती. साहेबांनी तेच केलं.

मैत्रिणीला सगळं माहीत होतं. भाऊ गेला तेव्हा ताईच्या आईला तिनेच सावरलं होतं. तिने एकेक पान उघडून वाचलं, परत वाचलं. साहेब मागेच उभे होते.

"ताई, घरात कमावणारी मी एकटीच आहे गं," ती खाली बघत म्हणाली आणि तिने 'खरं' दाबलं.

कॉम्प्युटर एक गोष्ट शिकला, आणि ती आता जगाला सांगत सुटणार होता.

दुपारी दोघी रोजच्यासारख्या एकाच बाकावर बसल्या. डबा मात्र एकीनेही उघडला नाही.