वाऱ्याविरुद्धचा मफलर

बारकीच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली एक किल्ली असे, आणि ती आंघोळीच्या वेळीसुद्धा निघत नसे. किल्ली काचेच्या कपाटाची. कपाटात एकोणीस गिटारी होत्या, सगळ्या खेळण्यातल्या, हातभर लांबीच्या, आणि सगळ्यांवर एकाच माणसाचं चित्र. घोडा, घोड्यावर हॅट घातलेला स्वार, मागे उडणारा लाल मफलर, वर पिवळा चंद्र. हा स्वार म्हणजे एके काळचा गाणारा नट. त्याचं खरं नाव पोस्टरांबरोबरच विरून गेलं होतं, जमवणारे त्याला नुसतं ‘हॅटवाला’ म्हणत. त्याच्या नावावर त्या काळी काय काय खपलं, साबण काय, डबे काय. गिटारी मात्र एकाच कारखान्यात झाल्या, आणि त्या कारखान्याच्या रंगखात्यात बारकीचे वडील आठ वर्षं कामाला होते.

कपाटाला कुलूप लावायचं कारण चोर नव्हे. कारण म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक, जिला सगळे ठकी म्हणत. जुन्या रंगात शिसं असतं, तारा सुईसारख्या टोचतात, खुंट्या पोराच्या घशात बरोबर बसतील एवढ्या असतात. हे बारकीने वाचलं होतं, परत वाचलं होतं, आणि एका सकाळी डॉक्टरांना विचारूनही आली होती. गिटार हाताळली की ती कोपरापर्यंत हात धुई.

“ऑपरेशनला निघालीस की काय?” नवरा विचारी.

“तू हस. पोर तोंडात काय घालते ते तुला कुठे दिसतं?”

“मग जमवतेस कशाला एवढा ताप?”

यावर ती पुन्हा हात धुवायला जाई. शेंडेफळ म्हणून तिला सगळे बारकी म्हणत, तिशी ओलांडली तरी. बारकीला ऐकवण्याचा हक्क घरात प्रत्येकालाच होता. पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की बारकी म्हणजे दगडावरची रेघ, हेही घराला ठाऊक होतं.

विसावी गिटार तिला एका बंद पडलेल्या पाळणाघराच्या अडगळीत मिळाली. घरी आणून पुसली आणि ती बघतच राहिली. घोडा उलट्या दिशेला धावत होता. बाकीच्या एकोणीस गिटारींवर तो उजवीकडे निघालेला, इथे डावीकडे. मफलर मात्र आपल्या जुन्याच जागी, डावीकडेच उडत होता. म्हणजे स्वार पुढे चाललाय आणि मफलर त्याच्याही पुढे, नाकासमोर, भर वाऱ्याविरुद्ध.

तिने ती वडिलांना दाखवली. आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच राहत. त्यांनी गिटार घेतली, अंगठा मफलरवरून एकदा फिरवला आणि परत दिली.

“नकली आहे. फेकून दे.”

“बघितलंत तरी का नीट?”

“आठ वर्षं बघितलंय. फेकून दे, बारके.”

एरवी कारखान्याचा विषय निघाला की बाबा तासभर थांबत नसत. फोरमनच्या तोंडावर राजीनामा कसा फेकला ही गोष्ट तर त्यांनी लग्नाबारशांतून इतक्यांदा सांगितली होती की नवरा मागून ओठ हलवून साथ देई. आज मात्र दोन वाक्यांत कारभार आटोपला. बारकीने ते मनात टिपून ठेवलं. पोराच्या तोंडाकडे बघता बघता तिला सगळ्यांच्याच तोंडाकडे बघायची सवय लागली होती.

जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक भरे आणि अस्सल वस्तूंची यादी तिथे ठरे. मंडळाचा एक रिवाज होता: आणलेली वस्तू नकली ठरली, तर तिच्या मानेत तिथल्या तिथे गिरमिटाने आरपार भोक पाडायचं. पुढे कुणी कुणाला अस्सल म्हणून ती गळ्यात मारायला नको. सभासद होतानाच प्रत्येकाने हे लिहून दिलेलं असे. बारकीनेही दिलं होतं.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त घड्याळजी. डोळ्याला भिंग लावूनच ते जगाकडे बघत. त्यांनी गिटार उलटीपालटी केली.

“काळा रंग बरोबर वाटतो. पण ताई, हा मफलर बघा. कुणीतरी घोडा पुसून नवा काढलाय आणि दिशा विसरलाय. कारखान्यात असं होईल का?”

“का नाही होणार? माणसंच होती ना तिथे?”

“माणसं होती, पण चित्र हाताने नव्हती काढत. पत्र्याचे साचे होते. साचा खुंटीत बसवायचा, वरून फवारा मारायचा. काळ्याचा वेगळा, लालचा वेगळा, पिवळ्याचा वेगळा. साचा कधी दिशा विसरत नाही.” त्यांनी टेबलाच्या खणातून गिरमिट काढून वर ठेवलं. “आता हे...”

“थांबा,” बारकी म्हणाली. तिने गिटारीच्या मानेवर हात ठेवला होता. “पुढच्या बैठकीपर्यंत वेळ द्या. सिद्ध नाही केलं तर भोक मी स्वतः पाडेन.”

मागून कुणीतरी हसलं. “बारकीताई, कॉलेजात वकिली केली होती वाटतं?”

“रसायनशास्त्र,” ती म्हणाली. “त्यात तर पुराव्याशिवाय कुणी पाणीसुद्धा पाणी मानत नाही.”

महिना संपत आला तरी पुरावा मिळेना. तिने भिंग आणलं, रंगाचे थर बघितले. काळ्यावर लाल चढला होता, लालवर पिवळा, अगदी बाकीच्या एकोणीस गिटारींसारखाच. पुसल्याची खूण कुठेही नाही. पण ‘नाही’ दाखवून अध्यक्षांचं गिरमिट थांबणार नव्हतं.

बैठकीला चार दिवस उरले असताना ती स्वयंपाकघरात डाळ निवडत होती आणि ठकी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. ठकीकडे प्लास्टिकचा एक छाप होता. मधे मासा कापलेला, आणि धरायला डाव्या बाजूला एक कान. तो कान डाव्या हाताने धरायचा आणि उजव्या हाताने खडू फिरवायचा. ठकी डावखुरी. खडू डाव्या हातात, म्हणून छाप उजव्या हाताने धरायला हवा, आणि कान तर पलीकडे. ठकीने दोनदा हात आडवा घातला. जमेना. मग तिने सरळ छाप उचलला, पालथा केला आणि ठेवला. कान उजवीकडे आला. मासा उलट्या दिशेला पोहायला लागला.

बारकीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

तेवढ्यात बाबा आत आले आणि सवयीने त्यांनी ठकीचा खडू काढून दुसऱ्या हातात दिला. “उजव्या हाताने, राजा. किती वेळा सांगायचं?” हे रोज चाले. चमचा, खडू, कंगवा. बारकी रोज म्हणे, “राहू द्या हो बाबा,” आणि बाबा रोज ऐकलं न ऐकलंसं करत. आज ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. ती आठवत होती. कप टेबलावरून घसरला की झेलायला बाबांचा कोणता हात पुढे जातो? अंधारात दिव्याचं बटण कोणता हात शोधतो?

डावा. नेहमी डावा.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या साच्यांना धरायला कान होता का हो?”

बाबा दारात थांबले. “कसले साचे?”

“काळ्या रंगाचा. घोड्याचा. कान डावीकडे होता ना? उजव्या हातात फवारा आणि डाव्या हाताने साचा उचलायचा.”

“मला नाही आठवत.”

“मी सांगते. तुम्ही डावखुरे. दिवसभर हात आडवा घालून कंबर मोडली असेल. मग एक दिवस साचे धुऊन आले, कोरडे, आणि तुम्ही पत्रा पालथा करून बसवलात. लाल आणि पिवळा दुसऱ्यांच्या टेबलावर, ते सुलटेच राहिले.”

बाबा स्टुलावर बसले. त्यांची नजर ठकीच्या उलट्या माशावर होती.

“जेवणाची सुट्टी झाली होती,” ते म्हणाले. “दुपारच्या पाळीला म्हटलं, जरा सोयीने बसवू. खुंट्या दोन्ही बाजूंनी सारख्या, पत्रा चपखल बसला. इतकं हलकं वाटलं ना हाताला, काय सांगू! दोन डझन केल्या. घोडा कुठे तोंड करून आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लालच्या टेबलावरची बाई मान वर न करता मारत गेली. फोरमनने बघितलं तेव्हा पत्रा माझ्या अंगावर फेकला, वाकला तो. सगळ्यांसमोर म्हणाला, डाव्या हाताचा माणूस म्हणजे कामाचं वाटोळं. त्याच दिवशी घरी पाठवलं.”

“आणि राजीनामा?”

“राजीनामा कुठला गं! मला लिहायला तरी दिला असता तर!” ते हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. “त्यानंतर मी सगळं उजव्या हाताने शिकलो. गिटारी भट्टीत घातल्या म्हणे. एखादी कुणी पोराबाळांसाठी लपवली असेल.”

“शनिवारी बैठकीला चला. एवढंच सांगा तिथे.”

“नाही.”

“बाबा, गिरमिट घालतील तिच्या मानेत.”

“घालू देत. चाळीस वर्षं मी ताठ मानेने सांगितलंय, फोरमनला धडा शिकवला म्हणून. जावयासमोर, व्याह्यांसमोर. आता म्हातारपणी हात दाखवून अवलक्षण करू?”

बारकीने सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, कारण ठकी कान देऊन होती.

“ती गिटार नकली ठरली, तर ते सगळे म्हणतील, अशी गोष्ट कारखान्यात झालीच नाही. तुम्ही जे भोगलंत तेच खोटं ठरेल. आणि ही,” तिने ठकीकडे मान वळवली, “ही रोज तुमच्याकडून शिकतेय की आपला हात चुकीचा आहे. ते मी आता चालू देणार नाही. तुम्ही या किंवा नका येऊ. मी जाणार आणि सांगणार. फक्त माझ्याकडे पुरावा नाही, तेव्हा हसतील. हसू देत.”

बाबा उठले आणि आपल्या खोलीत गेले. चार दिवस दोघांत ‘मीठ द्या, पाणी दे’ एवढंच बोलणं झालं. बारकी आपलं म्हणणं कागदावर उतरवत राहिली, ठकीचा प्लास्टिकचा छाप तिने पिशवीत घातला, आणि शनिवारी चप्पल चढवताना बघते तो बाबा दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

“चल,” ते म्हणाले. “पोरीलाही घे, जावयालाही.”

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंधरावीस माणसं होती. गिटार टेबलावर, शेजारी गिरमिट. बारकीने आपला कागद उघडला, पण बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं.

“मी रंगखात्यात होतो,” ते म्हणाले. “हे माझं काम आहे. माझी चूक आहे.”

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत पत्रा होता, काळ्या रंगाने माखलेला, मधे दुमडल्याची वळी, एका बाजूला कान. फोरमनने अंगावर फेकलेला तो पत्रा ते त्या दिवशी घरी घेऊन आले होते, आणि चाळीस वर्षं त्यांच्या हत्यारपेटीच्या तळाशी तो अंथरलेला होता. बारकीने ती पेटी लाख वेळा उघडली होती, हातोडीसाठी, स्क्रूसाठी. तळ कुणी बघतो का?

बाबांनी पत्रा गिटारीवर ठेवला. सुलटा. घोड्याची शेपटी एकीकडे, फटीतलं तोंड दुसरीकडे, काहीच जुळेना. मग त्यांनी पत्रा पालथा केला, वळीवर दोन बोटं दाबून धरली आणि कान उजव्या हातात घेतला. खूर, लगाम, हॅटची कड, सगळ्या फटी काळ्याने भरून आल्या. कुठे केसभर पांढरं दिसेना.

अध्यक्ष भिंग लावून वाकले ते बराच वेळ वाकलेलेच. मागच्या बैठकीत हसलेला माणूसही पुढे येऊन उभा होता.

“लगामाला इथे एक दाता आहे,” अध्यक्ष पुटपुटले. “पत्र्यातही आहे. चित्रातही आहे.” त्यांनी भिंग काढलं, गिरमिट उचललं आणि खणात ठेवून खण बंद केला. “यादीत घेतो. पण कारण लिहावं लागेल. काय लिहू?”

बारकीने नवऱ्याकडे बघितलं. तो मागे ओठ मिटून उभा होता, साथ द्यायला आज काही पाठ नव्हतं.

“लिहा, डावखुऱ्या कारागिराने पत्रा पालथा बसवला,” बाबा म्हणाले. “आणि त्यासाठी त्याला कामावरून काढलं. तेही लिहा. राजीनामा नव्हता.”

अध्यक्षांनी लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. बाबांनी पेन उचललं. क्षणभर ते उजव्या हातात होतं. मग त्यांनी ते दुसऱ्या हातात घेतलं आणि सही करायला लागले. सही वाकडी येत होती, पोराच्या पहिल्या अक्षरांसारखी, पण ते थांबले नाहीत.

“आजोबा!” ठकी ओरडली. “चुकीचा हात!”

“नाही गं,” बाबा मान वर न करता म्हणाले. “हाच.”

ठकीने हे ऐकून घेतलं आणि तेवढ्यात डावा हात लांबवून गिटारीची तार खण्णकन वाजवली. बारकीने झडप घालून तो हात पकडला, पिशवीतून ओलं फडकं काढलं आणि एकेक बोट पुसत बसली.